पॅटर्नमेकरचा भ

आमचे हे, पंचाक्षरी, उचगावच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंड ओतायचं तर आधी लाकडाचा नमुना लागतो, तो हे घडवायचे. कधी जुन्या यंत्राचा नमुनाच हरवलेला असे. मग हे त्यावरून ओतलेले दोन-तीन भाग मागवून घ्यायचे. एकाची कड झिजलेली, दुसऱ्याचं भोक. "सगळे एकाच जागी झिजत न्हाईत," म्हणायचे, आणि सगळे एकमेकांशी ताडून बघून हरवलेला नमुना उभा करायचे.

पंच्याण्णवच्या सुमारास वाचनालयातून भाषाशास्त्राचं एक पुस्तक घरी आलं. संस्कृत, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी या एकाच फार जुन्या भाषेच्या लेकी. त्या आईला अभ्यासक आद्य इंडो-युरोपीय म्हणतात, पण तिचं लिहिलेलं एक अक्षर उरलेलं नाही. तिची व्यंजनं लेकींच्या शब्दांवरूनच शोधायची.

"हे तर माजंच काम की," हे म्हणाले.

मग रोज संध्याकाळी प्लायवूडच्या तुकड्यावर सुताराच्या पेन्सिलीनं चौकोन आखायचे. संस्कृतात पिता, लॅटिनात पातेर, इंग्रजीत फादर. म्हणून मुळात प. असं एकेक घर भरत गेलं. ब चं घर मात्र जवळजवळ मोकळं राहिलं, खात्रीचे शब्दच मिळेनात.

मी म्हटलं, "भरून टाका की, बरं दिसंल."

"पुरावा न्हाय तितं लाकूड लावायचं न्हाय."

दोन हजार तीनला वाचनालयाचे चिटणीस गणपतराव व्याख्यान द्या म्हणून मागं लागले. हे नाही म्हणत राहिले. कारण मला माहीत होतं. हे संकेश्वरकडचे, घरात कानडी. बाकी अक्षरं शाळेत बसली, भ काही बसला नाही. 'बाकरी' म्हणतो म्हणून पोरं चिडवायची. व्याख्यानात तर भ्राता, फ्रातेर, ब्रदर हे उदाहरण येणारच. आता चारचौघांत भ्राता कसं म्हणणार?

शेवटी तयार झाले. रोज सकाळी लिंगपूजा उरकली की मी यांच्या तोंडासमोर कॅलेंडरच्या कागदाची पट्टी धरायची. भ म्हटला की तोंडातल्या हवेनं पट्टी उडायला हवी. ती जागची हलायची नाही. यांना कुणी हसू नये, एवढंच मी देवाकडं मागितलं.

व्याख्यानाला चाळीसेक माणसं होती. हे छान बोलत होते. मग तो शब्द आला.

"ब्राता," हे म्हणाले.

"भ्राता म्हणा की मेस्त्री, घसा बसलाय काय?" मागून एकजण म्हणाला. लोक हसले.

मला वर बघवेना. मग यांनी खिशातून ती पट्टी काढली.

"ह्यो आवाज माज्या तोंडात न्हाय. पन हजारो वर्सं टिकलाय. लॅटिनात फ झाला, इंग्रजीत ब झाला, आपल्याकडं तसाच ऱ्हायला. आमच्या घरात हाय." माझ्याकडं बघून म्हणाले, "शांबवी, वर ये."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत नुसतं 'अगं'. मी समजत होते, बायकोचं नाव घ्यायची रीत नाही म्हणून. माझ्या नावातच भ आहे, हे मला त्या खुर्चीत बसल्यावर कळलं.

वर गेले. यांनी पट्टी माझ्या तोंडासमोर धरली. मी "भ्राता" म्हटलं, "भाऊ" म्हटलं. दोन्ही वेळा ती उडाली. मघाचा तो माणूस उठून पुढं आला आणि स्वतःच्या तळहातावर फुंकर बघू लागला.

घरी येताना स्कूटरवर यांनी विचारलं, "नाव वंगाळ वाटलं न्हवं?"

"म्हणत जावा," मी म्हटलं.

तेव्हापासून घरात शांबवीच. शेजारच्या चिमणाबाई हसतात. हसू देत.