हेल्मेटच्या आतली जागा

"डिफ्यूज अ‍ॅक्सोनल इंज्युरी," अकोल्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे पाहून त्यांनी ते सोपं करून सांगितलं. झटका बसला की डोकं थांबतं, पण आतला मेंदू लगेच थांबत नाही. त्या ओढीत त्याचे बारीक तंतू ताणले जातात, तुटतात. "कवटी शाबूत आहे. मार आत आहे."

विलास, माझा नवरा, व्हेंटिलेटरवर होता. म्हणजे श्वास यंत्र देत होतं. गालावर थोडं खरचटलं होतं, एवढंच. झोपलेला वाटत होता.

तो बियाण्यांच्या कंपनीत होता. आम्ही अमरावतीचे, पण मूर्तिजापूर ते बोरगाव मंजू हा त्याचा भाग. ऐन मे महिन्यात पेरणीआधीची धावपळ असते, आणि ती सगळी मोटारसायकलवर. त्या दुपारी शेतातून रोही, म्हणजे नीलगाय, रस्त्यावर आडवी आली.

दवाखान्यात माझा दीर गजानन विलासचं हेल्मेट मांडीवर घेऊन बसला होता. येईल त्याला दाखवत होता.

"पाहा, फक्त एक चरा आहे यावर. अन् भाऊ आत पडून आहे. बोगस माल विकते थो दुकानदार. मी त्याले सोडत नाही."

मी शेजारी बसून ऐकत होते. हेल्मेट बोगस नव्हतं. ते मी बिघडवलं होतं.

आमच्याकडच्या उन्हात भिजवलेला दुपट्टा डोक्याला गुंडाळल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही. नवं हेल्मेट दुपट्ट्यावर बसेना. विलास म्हणाला, "दुपट्टा घेतला तं हेल्मेट बसत नाही, हेल्मेट घातलं तं डोकं शिजते. सरकारनं एक काहीतरी ठरवावं ना." मी हसले आणि हेल्मेट मागून घेतलं. आतलं कापड उसवलं, खालचा थर्माकोल बटाटे सोलायच्या सुरीनं पातळ केला, माथ्याजवळ तर जवळजवळ सगळाच काढला, आणि कापड पुन्हा शिवून टाकलं. टाके दिसतसुद्धा नव्हते. मला वाटलं होतं, थर्माकोल फक्त भरणासाठी असतो, टीव्हीच्या खोक्यात असतो तसा. विलास दुकानादुकानांत सांगत फिरला, "आमच्या घरीच फॅक्टरी हाये."

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. काही कळेनासं झालं की वाचायला घेते. आयसीयूबाहेरच्या बाकावर मोबाइलवर वाचत बसले. बांधकामावरचं हेल्मेट डोक्याला टेकत नाही, आतल्या पट्ट्यांवर अधांतरी राहतं, कारण वरून वीट पडली तर धक्का पट्ट्यांनी झेलायचा असतो. क्रिकेटचं हेल्मेट चेंडूसाठी, म्हणून तोंडासमोर जाळी. सायकलचं हलकं आणि भोकाभोकांचं. प्रत्येकामागे कोणीतरी विचार केलेला असतो, की इथे मार कुठून येईल. मोटारसायकलच्या हेल्मेटचं बाहेरचं कवच मार पसरवतं, आणि आतला थर्माकोल चिरडला जातो. चिरडायला लागतो तेवढा क्षणभराचा वेळ, तोच डोक्याला थांबायला मिळतो. तो थर एकदाच कामी येतो. म्हणून पडलेलं हेल्मेट, वरून चांगलं दिसलं तरी, पुन्हा घालू नये.

तो वेळ मी सुरीनं काढून टाकला होता.

डॉक्टरांना मी एकटं गाठून सगळं सांगितलं. विचारलं, थर असता तर? ते म्हणाले, "वेग होता, उलटून पडले आहेत. फरक पडला असता का, हे मी सांगू शकत नाही. नसता पडला असं म्हणालो, तर तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटल्यासारखं होईल." त्या प्रामाणिकपणाबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे.

विलास शुद्धीवर आला नाही. त्या दवाखान्यातच गेला.

तेरवी झाली आणि गजानन दोन मित्रांना घेऊन दुकानदाराकडे निघाला. पायात चपला घातल्या होत्या. मी हेल्मेट त्याच्या हातातून घेतलं, त्याच्यासमोर टाके उसवले आणि आत दाखवलं. सांगितलं, कोणी केलं ते.

मित्र अंगणात उतरले. गजानन भिंतीला टेकून उभा राहिला. सासूबाई माजघरातून म्हणाल्या, "गजा, चपला काढ. कुठी जाऊ नको." थोड्या वेळानं माझ्याकडे न पाहता म्हणाल्या, "त्याले उन लागू नये म्हून केलं तिनं. पन केलं."

त्या 'पन केलं'मध्ये जेवढं होतं, तेवढं मी स्वीकारलं आहे. त्याहून कमी मला नको होतं.

ज्यांच्या घरातून कोणी रोज दुचाकीवर जातं, त्यांना सांगते. दुपट्ट्यासाठी हेल्मेट कोरू नका. आत पातळ सुती टोपी चालते, हवेची भोकं असलेलं आणि डोक्याला घट्ट बसणारं हेल्मेट मिळतं. नाहीतर ऊन उतरेपर्यंत थांबा. उन्हावर उपाय आहेत.

गजानन बरेच महिने माझ्याशी बोलला नाही. नंतर एका सकाळी कामाला निघताना त्यानं स्वतःचं नवं हेल्मेट माझ्यासमोर ठेवलं.

"वहिनी, पाहून द्या बरं."

मी आत हात घातला. कापडाखालून अंगठा सगळीकडे दाबत नेला. थर पूर्ण होता. त्यानं ते डोक्यावर चढवलं आणि पट्टा मी लावावा म्हणून हनुवटी माझ्याकडे वर केली.