कुंभकर्ण उठला नाही तेव्हा

डोंबिवलीत तेव्हा आमच्या आळीचा सार्वजनिक गणपती नवा होता. शेजारी राहणाऱ्या चित्रकलेच्या मास्तरांनी त्या वर्षी हलता देखावा करायचं मनावर घेतलं. झोपलेला कुंभकर्ण, अठरा फूट लांब, बांबू, गोणपाट आणि कागदाचा. ढोल वाजला की तो कमरेतून उठून बसणार, तोंड उघडणार आणि पुन्हा आडवा होणार. मास्तरांना आकृती जमायची, यंत्र जमायचं नाही. मी रेल्वेच्या कल्याणच्या शेडमध्ये फिटर. म्हणून ते माझ्याकडे आले.

भंगारातली दातेरी चाकं, एक जाड साखळी, दोन कप्प्या आणि विहिरीच्या रहाटासारखं एक हँडल, एवढ्यावर मी त्याला उठवला. मोटर नव्हतीच. पडद्यामागे उभं राहून मी हँडल फिरवायचं आणि मास्तरांनी दोरीने जबडा ओढायचा, असं ठरलं.

पहिल्या संध्याकाळी तो उठला तशी समोरून किंकाळ्याच आल्या. बाया पोरांना घेऊन मागे पळाल्याचं पावलांवरून कळलं. कुणीतरी मोठ्याने रामनाम घेतलं. मास्तरांनी माझा खांदा दाबला. त्यांचे डोळे भरून आले होते.

ठाणे, कळवा, खडवलीहून माणसं यायला लागली. दर पंधरा मिनिटांनी एकदा, असं करत संध्याकाळी पंधरा-सोळा वेळा त्याला उठवावं लागायचं. दिवसभर शेडमध्ये हातोडा मारून आलेलो, त्यावर हे. चौथ्या दिवशी उजवा हात डोक्यापर्यंत जाईना. बायको तेल चोळताना म्हणाली, "अहो, दुसऱ्या कुणाला तरी सांगा ना." पण हँडल सोडताना एक झटका बसायचा, तो नवख्याच्या मनगटावर आला असता.

पडद्यामागून मला माणसं दिसत नव्हती, फक्त ऐकू यायची. किंकाळ्या दोन दिवसांत संपल्या. मग टाळ्या. मग टाळ्याही विरळ झाल्या. "ठाण्याच्या राक्षसाचे म्हणे डोळेसुद्धा फिरतात." "मान जरा वाकडीच आहे, नाही?" सहाव्या दिवसापासून तर एकच, "अरे, उठवा की! किती वेळ उभं राहायचं?" मास्तर प्रत्येक शब्द मनाला लावून घेत. मला वाईटसुद्धा वाटेनासं झालं होतं.

आठव्या संध्याकाळी तो अर्धा उठला आणि साखळीची कडी तुटली. हँडल माझ्या हातात मोकळंच फिरलं. समोर धाडकन आवाज झाला, धूळ उडाली. आणि मग हसणं. थांबेचना. मास्तर खाली बसले आणि त्यांनी दोन्ही हातांनी कान झाकले.

तेवढ्यात पुढून एका म्हातारीचा आवाज आला. बोलण्यावरून खाडीकडच्या गावातली असावी. "निजू दे रं त्याला. दमला असंल बिचारा."

हसणं ओसरलं. मंडळाचे चिटणीस धावत मागे आले. "काय झालं? उद्यापर्यंत होईल ना?"

माझ्या पिशवीत जादा कडी होती. अर्ध्या तासाचं काम. मी म्हटलं, "नाही होणार. झोपलेलाच ठेवा."

उरलेले दोन दिवस तो झोपूनच होता. मला पहिल्यांदाच पुढून बघायला मिळालं. माणसं येत होती आणि आश्चर्य म्हणजे थांबत होती. काहीजण वैतागून निघून गेले, पण बरेचसे हळू आवाजात बोलत होते. एका बाईने रडणाऱ्या मुलीला दटावलं, "शू, तो जागा होईल." मास्तरांनी रंगवलेल्या पापण्या किती सुरेख होत्या हेही मला तेव्हाच दिसलं. मी तसं त्यांना सांगितलं.

विसर्जनानंतर आम्ही दोघं बांबू सोडवत होतो. माझी पिशवी कलंडली आणि कडी बाहेर पडली. मास्तरांनी ती उचलली, बोटांत फिरवली.

"ही तेव्हाही होती?"

"होती."

"मग?"

"हात उचलवत नव्हता, मास्तर."

ते बराच वेळ गाठी सोडवत राहिले. मग म्हणाले, "मला सांगायचं होतंस. मीच बंद केला असता." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. बंद करू या का, असं मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं, ही गोष्ट खरी होती.

पुढच्या वर्षी त्यांनी नुसता पडदा रंगवला, जंगलाचा. लोक येता येता विचारत, "यंदा काही हलत नाही वाटतं?" मास्तर शांतपणे नाही म्हणत. मी शेजारी उभा असायचो. त्यांनी मला कुठलंही काम सांगितलं नव्हतं.