कोपऱ्यातली सही

दीपाली कंपनीत करते तरी काय, असं बिबवेवाडीतल्या शेजारणींनी विचारलं की ती सांगायची, "फरशा बसवते." आणि ते खोटंही नव्हतं हो! एका सरकारी कचेरीतले जुने नकाशे स्कॅन होऊन तिच्याकडे यायचे. ती चित्रं इतकी अवाढव्य, की सबंध उघडायला गेलं तर कॉम्प्युटर मान टाकायचा. म्हणून त्यांचे फरशीसारखे छोटे चौकोन पाडून फाइल लिहायची. चित्र वाचायला एक सॉफ्टवेअर लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्रॅमचा संच, चौकोन लिहायला दुसरी, आणि दोघींचं सासू-सुनेसारखं! एक लाल रंग आधी मोजणार, दुसरी निळा. पहिल्या दिवशी सगळ्या नद्या तांबड्या वाहिल्या. दीपालीने ते निस्तरलं.

राहिली कडेची पट्टी. नकाशा काही पुऱ्या चौकोनांत बसत नाही. उजवीकडे आणि खाली अर्धेमुर्धे तुकडे उरतात. लिहिणाऱ्या लायब्ररीला अर्धा तुकडा चालेना. पांढरा रंग जोडून तो पुरा करायचा, म्हणजे तासाभराचं काम. पण मुदत तोंडावर आलेली, आणि चाचणीला घेतलेल्या तिन्ही छापील नकाशांच्या कडेला नुसता कोरा कागद होता. समासच तर आहे, असं म्हणून तिने उरलेले तुकडे सोडून दिले. काम वेळेत झालं, साहेबांनी पाठ थोपटली, आणि तिच्या 'तपासले, ठीक' या शेऱ्यावर कचेरीने ते अवाढव्य स्कॅन पुसून वाळवी लागलेले मूळ कागद लगद्याला धाडले.

त्याच कचेरीत तिचे वडील, रामदास, तीस वर्षं आरेखक होते. हाताने नकाशे काढायचे. त्यांचे वडील भीमराव जन्मभर अंगठा उठवत आले. घरात सही करणारे रामदास पहिले. आता २००६ साली काचबिंदूने त्यांचे डोळे विझत चालले होते. जाड रेषा तेवढ्या दिसायच्या. एकच हट्ट धरून बसले होते, "पुरता अंधार व्हायच्या आत माझा खडकवासल्याचा नकाशा दाखव गं. एकोणऐंशी सालचा."

रविवारी तिने लॅपटॉप त्यांच्या मांडीवर ठेवला. पडद्याला नाक लावून ते बोट फिरवू लागले.

"हे मुठेचं वळण. तीन दिवस लागले. साहेब म्हणाले, नदी काढताय की मिशी कोरताय?" ते खुदकन हसले. "आता खालचा उजवा कोपरा. चौकटीबाहेर बारीक सही करायची, अशी आम्हा आरेखकांची रीत. वाच बरं."

दीपालीने नकाशा सरकवला. काळी चौकट आली आणि तिथेच नकाशा संपला. पुढे नुसता करडा पडदा. हा एक नकाशा नव्हे, अकराशेच्या अकराशे नकाशांचे कोपरे तिने स्वतःच्या हाताने छाटले होते. आणि कागद? त्यांचा लगदा होऊन महिना उलटला होता. अगं, तासाभराचं तर काम होतं!

"रामदास भीमराव," ती म्हणाली. "सुरेख आलीय सही, बाबा."

म्हाताऱ्याचा चेहरा असा फुलला, की तिला त्याच्याकडे बघवेना.

"आणि त्याखाली?"

"तारीख," तिने अंदाजाने ठोकून दिलं.

"तारखेच्या खाली गं."

तिने करडा पडदाच आणखी खाली सरकवला.

"दिसत नाही? बारीकच आहे म्हणा. तू झालीस त्या दिवशी हा नकाशा पुरा केला. दवाखान्यातून तडक टेबलावर आलो आणि साहेबांची नजर चुकवून सहीखाली तुझं नाव लिहिलं. नामकरण व्हायचं होतं अजून, पण माझं ठरलेलं होतं. आपल्या घरातल्या पोरीचं नाव जन्मल्या दिवशी सरकारी कागदावर चढलं! तुझ्या आईलाही कधी बोललो नाही. मोठं करून बघ, असेल."

ती मोठं करत गेली. चौकटीची रेघ जाड होत होत सगळा पडदा काळा झाला. तिने पदराचा बोळा तोंडावर दाबला.

"आहे, बाबा," ती म्हणाली. "माझं नाव आहे."