शरयूनंतर गोळी कोण देणार?

शरयू गेल्याचं मला तिच्या एका पेशंटनं सांगितलं. निजामपुऱ्यातली माझी सकाळची ओपीडी नुकती सुरू झाली होती. मकरपुऱ्यातल्या कारखान्यात लेथवर काम करणारा हसमुखभाई नंबर न लावता थेट आत आला. "साहेब, बेन गयां. हवे गोळी कोण आपशे?" मला अस्सा संताप आला! अरे, बाईचे डोळे मिटून तास झाला नाही आणि तुला गोळीची पडलीय? "ही काय वेळ आहे का?" म्हणून खेकसलो आणि त्याला घालवून दिलं... आज तीन आठवडे झाले. त्या सकाळी अख्ख्या बडोद्यात मुद्द्याचं बोलणारा तो एकटाच होता, आणि त्यालाच मी हाकललं.

डॉ. शरयू माझी मेडिकल कॉलेजपासूनची मैत्रीण. ती मानसोपचारतज्ज्ञ, मी फिजिशियन. अफू, ब्राउन शुगर, दुखण्यावरच्या कडक गोळ्या यांच्या कचाट्यात सापडलेल्या माणसांना ती एका ट्रस्टच्या दवाखान्यात जिभेखाली ठेवायची गोळी द्यायची. रोज, समोर बसवून. त्या गोळीनं तलफ शमते, अंग मोडून येत नाही, माणूस कामावर जातो. एकटी किती जणांना पुरी पडणार, म्हणून तिनं इतर डॉक्टरांना शिकवायला घेतलं. अट एकच, शिकाल ते करायचं आणि आणखी एकाला शिकवायचं. "विद्या पोटात घेऊन मरू नका रे," म्हणायची.

आम्ही गेलो की! रविवारी, खमण आणि कढी-खिचडी चापायला. एक महाशय उठून म्हणाले, "मॅडम, एक व्यसन सोडवून दुसरं लावायचं, हा कसला इलाज?" शरयूनं शांतपणे विचारलं, "तुमची बीपीची गोळी किती वर्षं चालू आहे?" "झाली की दहाएक." "मग हे व्यसन कधी सोडताय?" सगळे पोट धरून हसले, आणि हसून झाल्यावर सर्टिफिकेट घेऊन घरी गेले. एकानंही एक पेशंट घेतला नाही. 'आमच्याकडे फॅमिली पेशंट येतात हो, हे लोक बाकावर बसले की बाकीचे उठून जातात...' हे वाक्य कुणाचं? माझं! माझं सर्टिफिकेट भिंतीवर काचेत, आणि असा कुणी आला की चिठ्ठी देऊन शरयूकडे रवाना. हसमुखभाईलाही मीच तिच्याकडे पाठवलं होतं. त्याची कंबर धरली तेव्हा ती कडक गोळी पहिल्यांदा लिहून देणाराही मीच. महिनोन् महिने लिहीत राहिलो, मान वर करून त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. शरयूनं ते प्रिस्क्रिप्शन माझ्यापुढे धरलं. "विनायक, अक्षर तुझंच ना?" त्यानंतर सहा महिने ती माझ्याशी बोलली नाही. बरंच केलं.

शेवटी तिला कॅन्सरनं गाठलं, तो हाडांत उतरला. आणि तिच्याच हाताखाली शिकलेला डॉक्टर तिचा मॉर्फिनचा डोस वाढवायला घाबरत होता. "मॅडम, सवय लागेल..." ती तशातही हसली. "अरे गाढवा, सवय लागायला दिवस तरी उरलेत का मला? काय शिकवलं मी तुला?" मी त्याला दाराबाहेर नेऊन चांगला फैलावर घेतला, तेव्हा कुठे डोस वाढला. नंतरचे चार दिवस तिनं मला फक्त पेशंटांबद्दल विचारलं. मी 'होईल सोय' म्हणत राहिलो.

ती गेल्यावर चौथ्या दिवशी लहरीपुऱ्याजवळच्या एका हॉलमध्ये शोकसभा झाली. देवमाणूस काय, दीपस्तंभ काय, 'त्यांचं कार्य पुढे नेऊ' काय! बाहेर चपलांच्या ढिगापाशी हसमुखभाई गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. नाक गळत होतं, जांभयांवर जांभया, अंगावर काटा. डॉक्टर नाही म्हणून दवाखान्यानं शरयूच्या खोलीला कुलूप ठोकलं होतं. मी तसाच आत शिरलो आणि माइक हिसकावून घेतला. "कार्य पुढे नेणारे उद्या सकाळी कोण कोण येताय? हात वर करा." एक हात वर झाला असेल तर शपथ! कुणी मोबाइल काढला, कुणी शेजाऱ्याला म्हणालं, "भावनेच्या भरात बोलतायत." भावना गेली खड्ड्यात! बाहेर माणूस तळमळतोय आणि तुम्ही... आणि बोलता बोलता मी माइक खाली ठेवला. हात तर मीही वर केला नव्हता. चहा आला तेव्हा मी ट्रस्टच्या व्यवस्थापकाकडे जाऊन किल्ली मागितली.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोली उघडली. टेबल भिंतीला लावलेलं, समोर दोन खुर्च्या. मी टेबल ओढून मध्ये घेतलं आणि त्याच्यामागे बसलो, माझ्या ओपीडीत बसतो तसा. हसमुखभाई आत आला आणि दारातच थबकला. मग त्यानं ते टेबल ढकलत ढकलत परत भिंतीला नेऊन लावलं. "बेन अहीं बेसतां," म्हणाला, आणि माझी खुर्ची आपल्या खुर्चीसमोर ओढली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. बसला, तोंड उघडलं, जीभ वर केली. मी गोळी ठेवली आणि सवयीनं उठायला लागलो, पुढच्याला बोलवायला. त्यानं माझं मनगट धरलं आणि मानेनंच 'बसा' म्हणून खुणावलं. गोळी विरघळेपर्यंत त्याला बोलता येणार नव्हतं, आणि तोवर शरयू कधी उठत नसे.

बसलो.