शिवकांता आणि ठिपक्यांचं झाड

उदगिरात विरूपाक्ष नावाचे धान्याचे व्यापारी होते. पुढं दुकान, मागं राहतं घर. त्यांची धाकटी बहीण शिवकांता नवरा वारल्यावर माहेरी आली, ती तिथंच राहिली. एकोणीसशे एकोणचाळीस साली माळवदावरून उतरताना ती शिडीवरून पडली आणि तिचा खुबा मोडला. हाडवैद्यानं पट्ट्या बांधल्या. पुढं हैदराबादेत नेऊन दाखवलं, पण तोवर हाड वाकडं जुळून गेलं होतं. उजवा पाय भार घेईना. तेव्हा तिचं वय तीस. माजघरातल्या एकुलत्या खिडकीजवळ तिची खाट टाकली आणि तिचे दिवस तिथंच जाऊ लागले. सकाळी बसल्या जागी ती लिंगपूजा करायची, विभूती लावायची. त्यानंतर दिवसभर तिला काही काम नसायचं.

समोरच्या घरात टपाल कचेरीतले मुन्शी राहत. त्यांची बायको सुग्राबी हैदराबादची. एकदा माहेराहून येताना तिनं एका झाडाची काडी आणली आणि मडक्यात लावून शिवकांताच्या खिडकीत ठेवली. पानं पंखासारखी तिरकी, वरून हिरवी आणि त्यांवर पांढरे ठिपके, खालून लालभडक. झाडाचं विलायती नाव सुग्राबीला सांगता येईना.

"कशाला आणलं वं? मीच खाटेवर पडलेली. ह्याला कोण बघंल?"

"तूच बघ की," सुग्राबी म्हणाली. "ह्याला कडक ऊन चालत नाही. तुझ्यासारखंच घरात बसून राहतंय."

शिवकांताला राग आला. दोन दिवस तिनं झाडाकडे पाहिलंही नाही. तिसऱ्या दिवशी पूजेचं पाणी कुठं टाकावं म्हणून तिनं ते मडक्यात ओतलं, आणि मग रोजच ओतू लागली. महिन्याभरात बुडाची पानं पिवळी पडून गळाली, खोड मऊ पडलं.

सुग्राबीनं माती उकरून वास घेतला. "या अल्ला! एवढं पाणी? उपाशी राहिलं तर हे जगतंय, बुडवलं की मरतंय. आणि ही माती कुठली?"

"आपल्या शेतातली. काळी."

"म्हणूनच. ही पाणी सोडत नाही."

दोघींनी चांगला राहिलेला शेंडा कापून घेतला. काळ्या मातीत निम्मी वाळू आणि चाळलेलं जुनं शेणखत मिसळलं, मडक्याच्या बुडाला भोक पाडलं. आता शिवकांता बोट पेरभर मातीत घालून बघायची. माती कोरडी लागली तरच पाणी. झाड उजेडाकडे झुकायचं, म्हणून दर सोमवारी मडकं थोडं फिरवायची. दुकानातला कोंडा उडून पानांवर बसायचा, तो ओल्या फडक्यानं एकेका पानावरून टिपायची. फाल्गुनात पहिला घोस लोंबला. फुलं गुलाबी, मेणाच्या पाकळ्यांची. वास काहीच नव्हता.

भावजय शरणम्माला मडक्याचा वैताग होता. चार लेकरं, दुकानातल्या हमालांचा स्वयंपाक, शिवाय नणंदेचं सगळं तिलाच उचलावं लागे. "त्यात ह्या मडक्याचा चिखल," ती म्हणायची, आणि ते खोटंही नव्हतं.

वैशाखात एका सकाळी शरणम्मानं माजघर सारवायला घेतलं. मडकं उचलून अंगणात ठेवलं. सारवून झाल्यावर शेजारी पापड लाटायला गेली आणि मडकं विसरली. ऊन चढलं. खिडकीतून शिवकांताला पानांच्या कडा मलूल होताना दिसत होत्या. तिनं वैनीला हाका मारल्या, अण्णाला मारल्या. दुकानात मापाचा गलका चाललेला, कुणाला ऐकू गेलं नाही.

तिनं खाटेवरून स्वतःला खाली सोडलं. दोन वर्षांत ती कुणाच्या आधाराशिवाय हलली नव्हती. हातांवर जोर देऊन, बसल्या बसल्या सरकत उंबऱ्यापर्यंत आली. उंबरा ओलांडताना खुब्यातून अशी कळ गेली की तिला दिसेनासं झालं. अंगणातल्या फरश्या तापल्या होत्या. मडक्यापर्यंत पोचली आणि ते पुढं ढकलत ढकलत परत फिरली.

शरणम्मा परतली तेव्हा नणंद उंबऱ्यात बसलेली. लुगडं धुळीनं माखलेलं, तळहातांवर फोड.

"हाक का न्हाई मारली?"

"मारल्या. लई मारल्या."

शरणम्मानं तिचे तळहात उलटून पाहिले. मग आतून लोण्याची वाटी घेऊन आली आणि फोडांना लोणी लावत राहिली. संध्याकाळी तिनं नवऱ्याला सांगितलं, "संगप्पा सुताराला बोलवा. ह्या सरकू शकतात. आपणच त्यांना निजवून ठिवलंय."

संगप्पानं बसकी फळी केली, खाली चार लाकडी चाकं. हातात धरायला दोन ठोकळे दिले. जमिनीला ठोकळा रेटला की फळी पुढं जायची. उंबऱ्यांना उतरत्या फळ्या ठोकल्या. महिन्याभरात शिवकांता चुलीपर्यंत जाऊ लागली. भाकरी ती थापायची, ज्वारी निवडून द्यायची, लेकरांच्या वेण्या घालायची. झाडाच्या काड्या तोडून तिनं नवी मडकी भरली. बायका काडी मागायला यायच्या आणि तासभर बसायच्या. प्रत्येकीला ती आधी बोट मातीत घालायला लावायची.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात रझाकारांच्या भीतीनं विरूपाक्ष घरच्यांना घेऊन बैलगाडीनं निजामाच्या हद्दीबाहेर बार्शीकडे निघाले. मडकी नेण्याचा प्रश्नच नव्हता. शिवकांतानं कुलपाची दुसरी किल्ली सुग्राबीला दिली. सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं आणि महिन्याभरानं ही मंडळी परतली. घर नीट राखलेलं होतं, सात मडक्यांतली पाच जिवंत होती. पण समोरचं दार बंद. आता भीती त्या घरात शिरली होती. मुन्शींची नोकरी गेली होती, गल्लीत नाही नाही त्या धमक्या ऐकू येत होत्या, आणि त्या घरातलं कुणी आडावरही दिसत नव्हतं.

"तिकडं जाऊ नको," विरूपाक्ष म्हणाले. "लोक काय म्हणतील? दिवस बरे न्हाईत."

"अण्णा, आपण नव्हतो तेव्हा तिनं ह्या घरात येताना लोकांना इचारलं व्हतं का?"

पडल्यापासून शिवकांता एकटी कधी रस्त्यावर आली नव्हती. भर दुपारी ती फळीवरून गल्ली ओलांडू लागली. चाक दगडाला अडलं. दारात उभ्या दोघातिघांनी पाहिलं, पुढं कुणीच झालं नाही. तेवढ्यात मागून शरणम्मा आली. कमरेवर पाण्याची घागर, एका हातानं तिनं फळी रेटली.

"सुग्राबी, दार उघड. मी हाय, शिवकांता."

बऱ्याच वेळानं कडी वाजली. सुग्राबीचं तोंड उतरलं होतं. "दोन झाडं मेली गं," ती म्हणाली. "घरातून निघताच आलं नाही. शेवटचं पाणी दिलं, त्याला वीस दिवस झाले."

"मरू दे ती दोन. तू जेवलीस का?"

त्या दिवसापासून त्या घरातलं पाणी शरणम्मा भरू लागली. पंधरा दिवसांनी विरूपाक्षच एक पोतं ज्वारी समोर टाकून आले. मुन्शींचं कुटुंब पुढच्या वर्षी हैदराबादला लेकाकडे गेलं. टांगा निघाला तेव्हा शिवकांता स्टेशनापर्यंत सोबत गेली. गाडी यायला उशीर होता. दोघी फलाटावर बसून सुग्राबीच्या येणाऱ्या नातवाचं नाव काय ठेवावं यावर वाद घालत होत्या.