शुभाताईचे फोटो

आधीच सांगते, हे लिहिताना मी रागात आहे. त्या दिवशी भीती वाटली ती थोडा वेळ, राग मात्र अजून गेलेला नाही. त्यामुळे एखादा शब्द कडक आला तर चालवून घ्या.

अंगात येणं, बाहेरचं, करणी... यातलं मी काही मानत नाही. अकोल्यात माझी छोटीशी पॅथॉलॉजी लॅब आहे. सकाळी रक्ताच्या नळ्या, दुपारी रिपोर्ट. एखादी बाई "मले बाहेरचं झालं" म्हणत आली की मी आधी तिचं हिमोग्लोबिन पाहते, आणि बहुतेकदा आजार तिथेच सापडतो. अशा बाईने अमानवीय अनुभव लिहायला बसावं, हे माझं मलाच पटत नाही. पण झालं ते झालं.

माझं माहेर अमरावतीचं. बडनेरा रोडच्या आत एका जुन्या कॉलनीत बाबांचं घर आहे. चांदूर बाजारकडे आमचं शेत, त्यात झेंडू आणि शेवंती, आणि गावात फुलांचं दुकान. दुकान आता माझा मोठा भाऊ राजूदादा पाहतो. दादाच्या पाठची शुभाताई आणि शेवटची मी, वर्षा.

शुभाताईने प्रशांतशी लग्न केलं. प्रशांत अकोल्याचा, शिकलेला, सरळ माणूस. पण जात दुसरी. तेवढं बाबांना पुरलं. "माह्यासाठी शुभी मेली," असं सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाले आणि ते म्हणणं त्यांनी अक्षरशः पाळलं. मी तेव्हा नागपूरला होस्टेलवर होते. दिवाळीला घरी आले तर भिंतीवरची तिची फ्रेम गायब, कपाटातले अल्बम गायब. आईला विचारलं तर तिने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, "अंगणात जाळले तुह्या बाबानं. एक बी ठेवला नाही."

पुढे माझं लग्न अकोल्यातच झालं, तेव्हा बाबांना न सांगता ताईला भेटता यायला लागलं. पण फार वर्षं नाही. तिची मुलगी ओवी चार वर्षांची असताना ताई डेंग्यूने गेली. मी स्वतः फोन केला होता अमरावतीला. बाबा आले नाहीत. दादा आला नाही. आईला येऊ दिलं नाही, आणि त्या धसक्यातून आई कधी सावरलीच नाही, ती पण गेली. तिकडे स्मशानात प्रशांतच्या घरचे सगळे उभे होते, आणि ताईच्या माहेरून एकटी मी. ते मी विसरलेले नाही आणि विसरणार पण नाही.

ओवी आता कॉलेजात जाते. अधूनमधून लॅबमध्ये येऊन बसते. एकदा माझा रिपोर्ट टाइप करून होईपर्यंत ती मोबाइलवर स्वतःचा फोटो पाहत बसली होती. मग म्हणाली, "मावशी, आई माझ्याएवढी असताना कशी दिसायची? माझ्या बाबांकडे सगळे लग्नानंतरचेच आहेत."

मी काय सांगणार... तुझ्या आजोबांनी जाळले म्हणून सांगू?

तेव्हा मला आमचा घरचा कॉम्प्युटर आठवला. दादाने असेंबल करून आणलेला, मोठ्या खोक्यासारखा मॉनिटर असलेला. घरात पहिला डिजिटल कॅमेरा आला तेव्हा ताईने नुसता धुमाकूळ घातला होता. शेतात, गच्चीवर, कौंडण्यपूरच्या जत्रेत, जिथे जाईल तिथे फोटो, आणि घरी आली की कॉम्प्युटरवर टाकायचे. ती लग्न करून गेल्यानंतर त्या कॉम्प्युटरवर चादर पडली. "बिघडला हाय, हात लावू नको," एवढंच मला सांगितलं गेलं.

आणि गंमत पाहा, त्याच आठवड्यात वहिनीचा फोन. "वर्षाताई, घर रंगवून राहिलो आमी. मागच्या खोलीतलं सारं भंगारात काढतो. तो कॉम्प्युटर बी. तुमचं काही असंल तं घेऊन जा."

ओवीला म्हटलं, चल. ती म्हणाली, "तिथे? मी?" मी म्हटलं, "तुझ्या आईचं घर आहे ते. कुणी अडवलं तर माझ्याशी गाठ आहे."

रविवारी दुपारी आम्ही पोचलो. बाबा समोरच्या खोलीत दिवाणावर बसले होते. आता ऐंशीच्या पुढे आहेत, काठी घेऊन चालतात, पण नजर शाबूत आहे. ओवीचा चेहरा म्हणजे ताईचाच चेहरा. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग मान वळवून बंद टीव्हीकडे पाहत बसले. ये नाही, बस नाही. ओवी पाया पडायला वाकली होती, ती तशीच अर्ध्यातून उभी राहिली. मी तिचा हात धरून मागच्या खोलीत घेऊन गेले. माझी कानशिलं तापली होती.

चादर काढली. धूळ इतकी की आम्ही दोघी शिंकायला लागलो. वहिनीने ओलं फडकं आणून दिलं, तिनेच मॉनिटरची वायर शोधून दिली. कीबोर्ड, माऊस जोडला, बटण दाबलं. पंखा घरघरला. काळ्या पडद्यावर काहीतरी अक्षरं आली, तारीख-वेळ चुकली आहे असं काहीसं. मी एक बटण दाबलं आणि थोड्या वेळाने ती विंडोजची ओळखीची हिरवी टेकडी आणि निळं आभाळ आलं. वहिनी म्हणाली, "हे तं चालू हाय की. मंग बिघडला कावून म्हणत होते?"

डेस्कटॉपवरच फोल्डर होतं. नाव इंग्रजी अक्षरांत, SHUBHA.

उघडलं. एकेक फोटो यायला वेळ लागत होता, वरून खाली हळूहळू सरकत. ताई झेंडूच्या वाफ्यात, ओढणी कमरेला खोचलेली. ताई लुनावर, मागे मी, दोघींचे डोळे मिटलेले. कौंडण्यपूरच्या जत्रेत हातभर हिरव्या बांगड्या दाखवताना. आई तिला तेल लावतेय आणि ती कॅमेऱ्याकडे पाहून तोंड वाकडं करतेय. ओवीने एकदा पडद्यावर ताईच्या हनुवटीवर बोट ठेवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या हनुवटीवर.

मी पेन ड्राइव्ह लावला आणि अख्खं फोल्डर कॉपी केलं. झाल्यावर पेन ड्राइव्ह काढून ओवीच्या हातात दिला. "तुझं आहे, सांभाळ," म्हटलं. पडद्यावर तो बांगड्यांचा फोटो तसाच मोठा उघडा होता.

तेवढ्यात दादा दुकानातून आला. दारात उभा राहिला. ओवीकडे त्याने पाहिलंच नाही, तो पडद्याकडे पाहत होता. चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"हे कुठून आलं?"

"कुठून म्हणजे? यातूनच."

"यातून नाही येऊ शकत."

"का नाही येऊ शकत?"

दादा खाली बसला. मोठा आडदांड माणूस, पण जमिनीवरच बसला. "याच्यात हार्डडिस्कच नाही, वर्षा. म्या काढली होती. शुभी लगन करून गेली त्याच हप्त्यात. बाबानं सांगतलं, मशीनमधले बी नाही पायजे. मले एकेक फोटो खोडनं जमत नव्हतं... म्हून डिस्कच काढली, हातोड्यानं फोडली आन् शेतातल्या विहिरीत टाकली."

खरं सांगते, त्या क्षणी मला हार्डडिस्कचं काही वाटलंच नाही. मला एवढंच ऐकू आलं की माझ्या भावाने माझ्या बहिणीच्या फोटोंवर हातोडा चालवला, आणि इतकी वर्षं मला "बिघडला हाय" सांगत राहिला. मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. "तुझ्या हातावर राखी बांधायची रे ती," हे म्हटलेलं आठवतं. तो मान खाली घालून "बाबानं सांगतलं, बाबानं सांगतलं" एवढंच म्हणत होता. मी म्हटलं, "बाबांनी सांगितलं म्हणून तिच्या मयतीला पण नाही आलास ना."

ओवीच म्हणाली, "मामा, उघडून दाखवा."

तिने त्याला मामा म्हटलेलं त्याने ऐकलं की नाही, माहीत नाही. त्याने प्लग काढला. कॅबिनेटच्या बाजूच्या पत्र्याचे स्क्रू गंजले होते, पक्कड लावावी लागली. पत्रा निघाला. आत जाळी, धूळ, मेलेली झुरळं. जिथे हार्डडिस्क असते ती खाचेची जागा रिकामी. डिस्कची चपटी राखाडी केबल नुसती लोंबत होती, तिचं टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. सीडीचा ट्रे उघडून पाहिला, तोही रिकामा. वहिनी दारातच "बाप्पा" म्हणून मागे सरकली. मला पण भीती वाटली, ते मी नाकारत नाही.

दादाने परत प्लग लावून बटण दाबलं. पंखा फिरला. काळा पडदा, त्यावर डिस्क सापडत नाही अशा अर्थाची एक ओळ. पुढे काही नाही. तीन-चारदा करून पाहिलं.

मागे काठीचा आवाज आला. बाबा उठून आले होते. आमचा आरडाओरडा त्यांनी सगळा ऐकला असणार.

"शुभीचे हायेत का?" त्यांनी विचारलं. मग परत म्हणाले, "मले दाखव."

सांगते, मला भयंकर संताप आला. ज्या माणसाने जाळले, फोडायला लावले, तो हात पुढे करून मागत होता. मी काही बोलणार तेवढ्यात ओवीने पेन ड्राइव्ह मुठीत घट्ट धरला आणि त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने.

"आधी माझं नाव विचारा," ती म्हणाली.

बाबा तिच्याकडे पाहत राहिले. ओठ हलले त्यांचे, पण तिला विचारलं नाही. अजूनही नाही. ओवी चप्पल घालून बाहेर निघून गेली. मी तिच्या मागे.

बसमध्ये मला धास्ती होती की पेन ड्राइव्ह रिकामा निघेल. नाही निघाला. घरी लॅपटॉपला लावला, सगळे फोटो होते. ओवीने त्यातले निवडून स्टुडिओतून प्रिंट काढले, बांगड्यांचा मोठा करून घेतला. म्हणजे भास म्हणायची सोय नाही. वहिनीने पाहिलं, दादाने पाहिलं, आणि कागदावर उतरलेले फोटो प्रशांतच्या घरात भिंतीवर आहेत.

मी गप्प बसले नाही, हे पण सांगते. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या दोघांना विचारलं. एक म्हणाला, दुसरी डिस्क असेल. नव्हती, मी स्वतः आत पाहिलं. दुसरा म्हणाला, तुमच्या पेन ड्राइव्हवरच फोटो आधीपासून असतील. तो पेन ड्राइव्ह मी लॅबच्या रिपोर्टसाठी नवा घेतला होता, त्या दिवशी पॅकेट फोडून लावला. आणि पेन ड्राइव्ह लावायच्या आधीच फोटो पडद्यावर होते. दादा खोटं बोलला असेल असंही वाटून पाहिलं... पण असलं खोटं बोलून त्याला काय मिळणार होतं? आणि ते गंजलेले स्क्रू?

लोक म्हणतात, ताईच्या आत्म्याने लेकीसाठी केलं. मला ते म्हणवत नाही. ताईला काही करता येत असतं तर ती चार वर्षांच्या लेकीला सोडून गेलीच नसती.

मागच्या महिन्यात बाबांचा फोन आला होता. म्हणाले, "वर्षा, त्या पोरीचं नाव काय हाय?"

मी म्हटलं, "मला नका विचारू," आणि तिचा नंबर सांगितला. त्यांनी लिहून घेतला की नाही, माहीत नाही. ओवीला अजून फोन आलेला नाही.

फोटो कसे आले, याचं उत्तर माझ्याकडे नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर सांगा, मी ऐकून घेईन. फक्त बाबांना आता माफ करा, असं कुणी लिहू नका.