आत्याबाईंचं मडकं

हे मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. त्यांना सांगण्यासारखं पुष्कळ होतं, सांगितलंही — हे मात्र ओठापर्यंत येऊन परत जायचं. आज तुझ्यापाशी बोलते. मध्येच अडखळले तर अडखळू दे.

मी लोणंदची. वडील रेल्वेत, घर स्टेशनाजवळ. वडूजच्या बाजूला, मेंढरं राखणाऱ्या घरात मला दिली, तेव्हा युद्ध चालू होतं. लग्नाची हळद उतरायच्या आत नवरा पलटणीत परत गेला. मागं राहिलो सासू आणि मी. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांनी मला लेकीसारखं वागवलं — हे आधी सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं तुला कळायचं नाही.

त्या मडकं लावायच्या. दारू नव्हे गं — भट्टी नाही, काही नाही. जोंधळ्याला मोड आणायचे, वाळवून भरडायचे, शिजवून त्यात गूळ, ओवा, सुंठ आणि धायटीची फुलं घालायची आणि तोंड बांधून चुलीच्या उबेला ठेवायचं. आंबून वर फेस धरला की झालं. मेंढरं घेऊन कोकणात उतरलेली माणसं घरी आली की पहिली वाटी त्यांची. परतून येणाऱ्याला मडक्यातलं द्यायचंच, ही त्या घरची रीत. पण घरच्या बाईनं चाखून ‘लागलं’, म्हणजे नीट आंबून चवीला उतरलं, असं म्हटल्याशिवाय कुणाला थेंब मिळायचा नाही.

आणि आत्याबाईंची चवच गेली होती. एका तापात वास, चव, सगळं गेलं. हे त्यांनी फक्त मला सांगितलं. “कुणाला बोलू नगंस पोरी. माझी जीभ आता तूच,” म्हणाल्या. मी आत चाखायची, मान हलवायची, आणि त्या बाहेर जाऊन ऐटीत सांगायच्या, “लागलं.”

एवढा विश्वास टाकल्यावर माणसानं काय करावं? मी काय केलं?

युद्ध संपलं. नवरा येतोय असा निरोप आला. आत्याबाईंनी मडकं लावलं. मागच्या सुट्टीत ते म्हणाले होते, “आये, गोऱ्यांची बीर प्यालो, पर तुझ्या मडक्याची सर न्हाई तिला.” हे त्या साऱ्या आळीला सांगत फिरायच्या. नेमका त्याच दिवशी माझा थोरला भाऊ लोणंदहून येणार होता. आधी एकदा आला तेव्हा आत्याबाईंनी मायेनं वाटी पुढं केली, त्यानं नुसता वास घेऊन ती खाली ठेवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, “दारू करणाऱ्यांत दिली व्हय तुला?” ते मनात सलत होतं. पुन्हा तेच नको — एवढंच. दुसरं काही कारण नव्हतं.

सकाळी त्यांनी फडकं सोडलं, वाटी माझ्या हातात दिली. मी चाखलं. आणि म्हणाले, “आत्याबाई, नासलंय.”

त्या मडक्याला दोन्ही हात लावून बसून राहिल्या. “नीट बघ की गं, परत.” मी परत चाखलं — परत तेच बोलले. कशी बोलले असेन? मग त्यांनीच मडकं उचलून लिंबाच्या बुडाशी ओतलं. मला हात लावू दिला नाही.

दुपारी नवरा आला. पायातले बूट काढायच्या आधी म्हणाले, “आये, मडक्यातलं आण.”

“माझा हात गेला रं बाबा,” आत्याबाई म्हणाल्या.

मी तिथंच, पाण्याचा तांब्या घेऊन उभी. एक शब्द बोलायचा होता. भाऊ चहा पीत होता. त्याच्यासमोर माझी अब्रू राहिली.

त्यानंतर आत्याबाईंनी मडकं कधी लावलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायच्या, आता जमत न्हाई. माझ्यावर राग? राग कशाचा — मी खरं बोलले असंच त्या धरून चालल्या. उलट मी केलेलं काहीही ताटात पडलं की दोन घास खाऊन म्हणायच्या, “लय झ्याक झालंय गं.” चव कळत नसताना, शेवटपर्यंत. कितीदा मीठ विसरले असेन मी.

त्यांना जाऊन खूप वर्षं झाली. त्या सकाळची वाटी माझ्या जिभेवर अजून आहे. आधी गोडसर, मग ओव्याचा झटका, आणि शेवटी धायटीचा हलका तुरटपणा. इतकं चांगलं त्यांच्या हातून आधी कधी उतरलं नव्हतं.

लागलं होतं, आत्याबाई.